नडगीचं हाड नऊ महिने जुळत नाहीये, स्टेम सेल इंजेक्शन घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ३१ वर्षांचा, बाइकवरून पडून नडगीचं हाड मोडलं, हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, रॉड टाकला, आता नऊ महिने झाले तरी एक्सरेत फट दिसतेय आणि चालताना दुखतंय. आणि एका क्लिनिकवाल्यांनी सांगितलंय की ऑपरेशनची गरजच नाही, स्टेम सेल आणि ग्रोथ फॅक्टरची तीन इंजेक्शनं घ्या, नवीन हाड तयार होतं, दीड लाख. घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही.

मी हाडांचा डॉक्टर, सांगली-मिरजेच्या बाजूला २३ वर्षं काम करतोय. ऊसतोडीच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडलेले पाय आणि वर्षभर बाइकवाले, त्यामुळे न जुळलेल्या नडग्या पोत्याने बघितल्यात. आधी उत्तर देऊन टाकतो: आत्ता पैसे भरू नका. पण स्टेम सेल म्हणजे सगळं थोतांड असंही मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः काही पेशंटच्या कमरेच्या हाडातली मज्जा, म्हणजे हाडाच्या आतला मऊ गर (बोनमॅरो), काढून फ्रॅक्चरमध्ये घालतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं हाड जुळतं सुद्धा. म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, हाड हा शरीरातला मोजक्या अवयवांपैकी एक आहे जो व्रण न ठेवता परत जसाच्या तसा तयार होतो. कातडी कापली की व्रण राहतो, हार्ट अटॅक आला की तिथे व्रण राहतो, पण लहानपणी मोडलेला हात चाळिशीत एक्सरेत ओळखूही येत नाही कधीकधी. मोडल्या मोडल्या तिथे रक्त साकळतं, त्या गुठळीत सूज येते, सूज आणणाऱ्या पेशी रासायनिक हाका मारतात, त्या ऐकून हाडावरच्या पातळ आवरणातून आणि मज्जेतून हाड तयार करू शकणाऱ्या पेशी गोळा होतात, आधी कूर्चेसारखा मऊ कॅलस, म्हणजे मोडलेली टोकं जोडणारा नवा भराव, मग कडक कॅलस, मग पुढे महिनोन् महिने त्याची घासूनपुसून रचना. म्हणजे स्टेम सेल (त्या गोळा होणाऱ्या पेशी) आणि ग्रोथ फॅक्टर (त्या रासायनिक हाका) दोन्ही भावाच्या पायात पहिल्या दिवसापासून आहेतच, कोणी बाहेरून आणायच्या आधी. मग प्रश्न असा की त्यांना काम करायला अडलं कुठे. हे न विचारता जो सरळ इंजेक्शनचा रेट सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा, कारण अडथळा काय आहे त्यावर सगळा इलाज ठरतो.

आता अडथळे कुठले. सगळ्यात कॉमन म्हणजे हलणं. ही गोष्ट पेशंटला पटत नाही, रॉड आहे ना आत, मग हलेल कसं? अहो हलतं, रॉड बारीक असेल, खालचा स्क्रू सैल झाला असेल तर अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे होतं आणि तेवढं पुरतं. स्टेफान पेरेन नावाच्या स्विस संशोधकाने याचं गणित मांडलंय: फटीच्या रुंदीच्या मानाने हालचाल २ टक्क्यांच्या आत असेल तर तिथे हाड तयार होऊ शकतं, १० टक्क्यांपर्यंत कूर्चा टिकते, त्याच्या वर गेलं की नुसता चिवट तंतूंचा मांसल पदार्थ भरतो. आता १ मिलिमीटरची फट असेल आणि अर्धा मिलिमीटर हलत असेल तर झाले की ५० टक्के! तिथे तुम्ही जगातल्या सगळ्यात महागड्या पेशी नेऊन सोडल्या तरी त्या हाड बनवणार नाहीत, बनवूच शकत नाहीत, कारण पेशीला आजूबाजूचा ताण कळतो आणि ती त्याप्रमाणे काय व्हायचं ते ठरवते. अशा केसमध्ये एक्सरेत फटीच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या पायासारखा फुगलेला कॅलस दिसतो, म्हणजे शरीर जिवाचं रान करतंय पण पूल काही जोडला जात नाहीये. याला जाड रॉड घालून घट्ट केलं की बहुतेक वेळा काम होतं, स्टेम सेलचा एक थेंबही लागत नाही.

दुसरा अडथळा इन्फेक्शन. तुमच्या भावाचं हाड बाहेर आलेलं होतं हे तुम्ही अगदी सहज एका ओळीत लिहिलंय पण माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी ओळ आहे. उघड्या फ्रॅक्चरमध्ये जंतू आत जाऊन रॉडवर चिकट थर करून बसतात, बाहेरून पू नाही, ताप नाही, काही नाही, फक्त हाड जुळत नाही आणि थोडं ठणकतं. अशा जागी ग्रोथ फॅक्टर टोचणं म्हणजे... जाऊ दे. तिसरा अडथळा रक्तपुरवठ्याचा. नडगीच्या पुढच्या बाजूला हात लावून बघा, कातडी आणि हाड यांच्या मध्ये मांस जवळजवळ नाहीच, म्हणून नडगी इतकी रडवते, मांडीचं हाड तेवढं नाही रडवत. जखमेत आवरण सोललं गेलं, तुकडे निघून गेले की हाडाची टोकं मेल्यासारखी होतात, एक्सरेत पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती दिसतात, कॅलस शून्य. आणि चौथं, पेशंट स्वतः: सिगारेट, तंबाखू, मावा, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, व्हिटॅमिन डी अगदी तळाला.

आमच्याकडचे शेतकरी पेशंट हे पटकन समजतात. वाफसा आल्याशिवाय कोणी पेरतं का, बियाणं कितीही भारी कंपनीचं असू दे, चिखलात टाकलं तर कुजणार आणि कोरड्यात टाकलं तर करपणार. पेशी आणि ग्रोथ फॅक्टर नंतर, आधी वाफसा.

बरं आता खरोखर जिथे पेशी कमी पडतात, म्हणजे रॉड घट्ट आहे, इन्फेक्शन नाही, पण टोकं सुकलीयत, तिथे काय. इथे पेशी घालण्याला अर्थ आहे आणि याचा बऱ्यापैकी चांगला पुरावा पण आहे. गोष्ट जुनी आहे, मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकात दाखवलं की मज्जेत काही मोजक्या पेशी असतात ज्या काचेला चिकटून वसाहत करतात आणि दुसरीकडे लावल्या तर हाड बनवतात. १९९१ साली अमेरिकेतल्या आर्नोल्ड कॅप्लान यांनी त्यांना मेझेन्कायमल स्टेम सेल हे नाव दिलं आणि हे नाव असं काही चाललं की जगभर क्लिनिकांच्या पाट्यांवर लागलं. गंमत पुढे आहे, याच कॅप्लान साहेबांनी २०१७ मध्ये लेख लिहिला की बाबांनो हे नाव बदला, या पेशी तिथे जाऊन स्वतः नवीन अवयव होत नाहीत, त्या औषधासारखे सिग्नल सोडतात, लोकांची दिशाभूल होतेय. पण पाट्या काही कोणी बदलल्या नाहीत. आणि माणसाच्या हाडाची खरी मूळ पेशी, जी फक्त हाड, कूर्चा आणि मज्जेचा आधार एवढंच बनवते, ती स्टॅनफर्डच्या लोकांनी वेगळी करून दाखवली २०१८ साली, म्हणजे अगदी परवा परवा. तोपर्यंत आणि आजही आम्ही सिरिंजमध्ये जे ओढतो ते सगळं मिश्रण असतं, त्यात कामाच्या पेशी दहा हजारात एक ते लाखात एक.

म्हणून सगळा खेळ संख्येचा आहे. पॅरिसजवळ क्रेतेइलला फिलिप हेर्निगू नावाचे सर्जन आहेत, त्यांनी २००५ मध्ये नडगीच्या ६० न जुळलेल्या केस छापल्या, सगळ्या सुकलेल्या टोकांच्या आणि इन्फेक्शन नसलेल्या, हे महत्त्वाचं आहे बरं का. कमरेच्या हाडातून मज्जा काढली, सेंट्रिफ्यूज मशिनमध्ये फिरवून दाट केली आणि २० सीसी फटीत टोचली, कापाकापी नाही. ६० पैकी ५३ जुळल्या. पण माझ्या दृष्टीने त्या पेपरचं सोनं हे ५३ नाहीच, उरलेल्या ७ आहेत. त्यांनी प्रत्येकाच्या टोचलेल्या मज्जेतल्या कामाच्या पेशी मोजल्या होत्या. साध्या मज्जेत एका सीसीला साधारण ६०० च्या आसपास, दाट केल्यावर सरासरी अडीच हजार. आणि जे ७ जुळले नाहीत त्यांना मिळालेली मज्जा दाट करूनही पातळच राहिली होती, सीसीला हजारच्या खाली. म्हणजे पेशी टोचल्या एवढं पुरत नाही, किती टोचल्या ते बघावं लागतं. तुमच्या त्या क्लिनिकला विचारा, एका इंजेक्शनमध्ये किती पेशी असतात आणि त्या जिवंत आहेत हे कशावरून, उत्तर काय येतं ते कळवा मला.

यात मी स्वतः माती खाल्लीय ती सांगतो. २००६ च्या सुमारास हा पेपर वाचून मी जोशात आलो, मशिन नव्हतं परवडत, म्हटलं जास्त मज्जा काढू म्हणजे भरून निघेल. एका भोकातून २० सीसीच्या सिरिंजने सर्रकन ओढायचं, पाच मिनिटांत ६० सीसी, हुशारी वाटायची स्वतःची. पहिल्या पाच पेशंटपैकी एकाचं हाड जुळलं, ते पण मला वाटतं त्याने मध्येच तंबाखू सोडली म्हणून. नंतर नीट वाचल्यावर कळलं की एका जागेवरून पहिले एक-दोन सीसी हीच मज्जा, त्याच्यापुढे ओढलं की आजूबाजूच्या शिरांतलं नुसतं रक्त येतं. अमेरिकेतले हाडांचे सर्जन जॉर्ज मशलर यांनी १९९७ लाच मोजून दाखवलं होतं की एका जागेवरून १ ऐवजी ४ मिली ओढलं की कामाच्या पेशींची दाटी जवळपास निम्मी होते. मी त्या चार जणांच्या नडगीत त्यांचंच साधं रक्त टोचलं होतं, एवढंच. आता सुई घालायची, छोट्या सिरिंजने झटका देऊन दोन सीसी, सुई फिरवायची, परत दोन, मग थोडी मागे घेऊन दुसऱ्या दिशेला, असं दोन्ही बाजूंनी करत बसावं लागतं, कंटाळवाणं काम आहे, ज्युनियर लोक वैतागतात, भूलतज्ज्ञ घड्याळ बघतात, पण फरक इथेच पडतो. कोणी तुम्हाला दंडातून रक्त काढून स्टेम सेल देतो म्हणाला तर सरळ उठून या.

प्रयोगशाळेत पेशी वाढवून घालणं हा अजून पुढचा प्रकार. २००१ मध्ये इटलीतल्या टीमने तीन पेशंटच्या मोठ्या गॅपमध्ये सच्छिद्र हायड्रॉक्सीअपेटाइटचा, म्हणजे हाडातल्यासारख्या खनिजाचा साचा आणि त्यावर त्यांच्याच वाढवलेल्या पेशी लावून हाड जुळवलं, तेव्हा आम्ही सगळे भारावलो होतो की दहा वर्षांत रोजचं होईल हे. नाही झालं. साच्याच्या मधोमध रक्तवाहिन्या पोचेपर्यंत तिथल्या पेशी ऑक्सिजनअभावी मरतात, ही मुख्य अडचण, शिवाय खर्च आणि महिनाभराचं थांबणं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत सिरॅमिकचे साचे, पेशी आणि प्लेटलेट असं मिळून शेळ्यांच्या मांडीच्या हाडात प्रयोग झालेत, चांगले झालेत, पण शेळी ती शेळी, तिचं हाड तसंही बऱ्यापैकी उत्साही असतं.

आता ग्रोथ फॅक्टर. हा भाग मला जास्त आवडतो कारण यात जादू पण आहे आणि फटका पण आहे. मार्शल युरिस्ट म्हणून लॉस एंजेलिसचे ऑर्थोपेडिक सर्जन, त्यांनी हाडातलं कॅल्शियम आम्लाने धुऊन काढलं, उरलेला रबरासारखा तुकडा सशाच्या स्नायूत ठेवला, जिथे हाडाचा काही संबंध नाही, आणि काही आठवड्यांनी तिथे खरंखुरं हाड तयार झालं, आत मज्जेसकट! १९६५ साली छापलं त्यांनी. म्हणजे हाडातच काहीतरी प्रोटीन आहे जे येणाऱ्या जाणाऱ्या पेशीला सांगतं, तू हाड हो. त्याला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, बीएमपी म्हणतात. १९८८ मध्ये त्यांची जनुकं सापडली, मग फॅक्टरीत बनवता यायला लागलं. युरिस्ट २००१ मध्ये वारले आणि २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, बीएमपी-२ ला मणक्याच्या एका ऑपरेशनसाठी मान्यता दिली, दीड वर्षाने हुकलं म्हाताऱ्याचं.

नडगीवर याचा मोठा ट्रायल झालाय, भावाच्या केसशी थेट संबंध आहे म्हणून सांगतो. ४५० पेशंट, सगळे उघड्या फ्रॅक्चरचे, रॉड घातलेले. काहींना बीएमपी-२ भिजवलेला कोलॅजनचा स्पंज फ्रॅक्चरवर ठेवला, काहींना नाही. जास्त डोसवाल्यांमध्ये दुसऱ्या ऑपरेशनची गरज पडायचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला, २००२ मध्ये आलं हे आणि २००४ मध्ये एफडीएने ताज्या उघड्या नडगी फ्रॅक्चरसाठी मान्यता दिली, जखम झाल्यापासून १४ दिवसांच्या आत लावायचं. ताज्या, नऊ महिने जुन्या नव्हे, हे लक्षात ठेवा. पुढे २०११ मध्ये दुसरा ट्रायल आला, २७७ पेशंट, यात सगळ्यांना मज्जेची पोकळी नीट रीम करून, म्हणजे आतून घासून मोठी करून जाड रॉड घातले होते. निकाल? २० आठवड्यांनी बीएमपीवाले ६८ टक्के जुळले आणि बिनबीएमपीवाले ६७ टक्के. संपलं. रॉड चांगला बसवला, रीम करताना निघालेला हाडाचा भुगा आणि मज्जा आपोआप फ्रॅक्चरमध्ये गेली, की वरून लाखो रुपयांचं प्रोटीन ओतून काही हाती लागत नाही. मी माझ्या हाताखालच्या ज्युनियर पोरांना हा पेपर दरवर्षी वाचायला लावतो.

फटक्याची बाजू अशी की शरीरात हे प्रोटीन नॅनोग्रॅममध्ये असतं आणि स्पंजमध्ये आपण मिलिग्रॅममध्ये घालतो, मोठ्या किटमध्ये १२ मिलिग्रॅम. कारण स्पंज त्याला धरून ठेवत नाही, पहिल्या काही दिवसांतच बरंचसं वाहून जातं. मग ते जाईल तिथे सूज किंवा हाड. अमेरिकेत सर्जन लोकांनी मान्यता नसलेल्या ठिकाणी, मानेच्या मणक्यात घालायला सुरुवात केली, गळा सुजून श्वास अडकायला लागले, २००८ मध्ये एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला. मग कंपनीने पैसे दिलेल्या अभ्यासांत दुष्परिणाम झाकले गेले असा आरोप झाला, सगळा डेटा येल विद्यापीठाकडे गेला, दोन स्वतंत्र टीमनी तपासला आणि २०१३ मध्ये सांगितलं की मणक्याच्या ऑपरेशनमध्ये पेशंटच्याच कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट, म्हणजे तिथून काढलेलं थोडं हाड, घालण्यापेक्षा याचा काही खास फायदा दिसत नाही. एक भयानक आजार आहे, त्यात स्नायूंचं हळूहळू हाड होत जातं, माणूस स्वतःच्याच सांगाड्यात अडकतो. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्याचं कारण सापडलं, बीएमपीच्याच रिसेप्टरमधला, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप घेणाऱ्या जागेतला, एक बारीक बदल, स्विच बंद होत नाही. हे आठवलं की ग्रोथ फॅक्टर म्हणजे टॉनिक असं कोणी म्हणालं की मला कसंतरीच होतं.

आणि आता खरी गोम. तुमच्या क्लिनिकमध्ये ग्रोथ फॅक्टर म्हणून जे देणार आहेत ते बीएमपी असण्याची शक्यता फार कमी. ते बहुतेक पीआरपी असतं, म्हणजे हातातलं रक्त काढून फिरवून त्यातल्या प्लेटलेट दाट केलेल्या. प्लेटलेटमध्ये ग्रोथ फॅक्टर असतात हे खरंय, पीडीजीएफ, व्हीईजीएफ वगैरे, खोटं बोलत नाहीत ते. पण न जुळलेल्या हाडात नुसतं पीआरपी टोचून हाड जुळतं याचा भक्कम पुरावा नाही. केस गळतीला, गुडघ्याला, चेहऱ्याला, नडगीला, सगळ्याला तीच नळी आणि तेच मशिन, फक्त रेट वेगळे.

यापेक्षा शरीराकडूनच ग्रोथ फॅक्टर काढून घ्यायच्या दोन युक्त्या आहेत, त्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. एक फ्रान्सच्या आलँ मास्कलेची. हाडाचा मोठा तुकडा गेला असेल तर त्या जागी सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, बांधकामाचं नव्हे, आमचं बोन सिमेंट, आणि शिवून टाकायचं. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या ठोकळ्याभोवती एक गुलाबी पातळ पिशवी तयार करतं. मग उघडायचं, ठोकळा काढायचा, पिशवी तशीच ठेवून तिच्यात कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. नंतर तपासल्यावर कळलं की ती पिशवी स्वतःच बीएमपी-२ आणि रक्तवाहिन्या वाढवणारे फॅक्टर तयार करते! म्हणजे फुकटची फॅक्टरी, योग्य डोसमध्ये, जिथे हवी तिथेच. पहिल्यांदा ती पिशवी हाताने उघडली तेव्हा त्यातून भराभर रक्त पाझरताना बघून मी एक मिनिट नुसता उभा होतो.

दुसरी युक्ती इलिझारोव्ह या सोव्हिएत डॉक्टरांची, पायाबाहेर कड्यांची चौकट आणि तिच्यातून हाडात तारा, आपल्याकडे लोक रिंग म्हणतात. सायबेरियात कुर्गान नावाच्या आडबाजूच्या शहरात या माणसाने शोधलं की हाड कापून रोज १ मिलिमीटर, ते पण पाव पाव मिलिमीटर चार वेळा, असं हळूहळू ताणत गेलं तर मधल्या फटीत नवीन हाड भरत जातं. ताण हाच ग्रोथ फॅक्टर झाला की. कार्लो माउरी म्हणून इटलीचा गिर्यारोहक होता, त्याची नडगी वर्षानुवर्षं बिघडलेली होती, तो १९८० मध्ये कुर्गानला जाऊन बरा होऊन आला, इटलीचे डॉक्टर चक्रावले आणि १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्हना बोलावून घेतलं, मग बाकी जगाला कळलं. रिंग दिसायला भयंकर, पेशंट सहा-आठ महिने आम्हाला शिव्या घालतो, तारांच्या जागा चिघळतात, पण इन्फेक्शनवाल्या नडगीत मला आजही सगळ्यात जास्त विश्वास रिंगवरच आहे.

तुम्ही शेवटी काकांच्या खुब्याचं पण विचारलंय, कोविडमध्ये स्टिरॉइड घेतले होते आणि आता खुब्याचा गोळा सुकतोय म्हणून. ते वेगळं प्रकरण, पण तिथे मज्जा घालण्याला जागा आहे, गोळा चपटा व्हायच्या आधी. त्याच हेर्निगूंच्या २००२ च्या आकड्यांत, गोळा बसायच्या आधी केलेल्या १४५ खुब्यांपैकी फक्त ९ ना पुढे सांधा बदलावा लागला, बसल्यानंतर केलेल्या ४४ पैकी २५ ना. म्हणजे एमआरआय आधी, आणि लवकर. आपल्याकडे २०१७ मध्ये याच आजारासाठी पेशंटच्याच मज्जेतून वाढवलेल्या हाड बनवणाऱ्या पेशींना औषध नियामकाची मान्यता मिळालीय, त्या स्टेम सेल नव्हेत, पुढच्या टप्प्यावरच्या ऑस्टिओब्लास्ट. शिवाय मुंबईत डॉ. संजय अगरवाला यांनी अॅलेंड्रोनेट या हाडाची झीज रोखणाऱ्या औषधाच्या साध्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय, ते पण डॉक्टरांना विचारा. सविस्तर हवं असेल तर वेगळं विचारा, इथे भावाचं मागे पडेल.

कायद्याचं थोडक्यात. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या आजारांसाठीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल हा ट्रायलचा विषय, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ट्रायल असेल तर क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री ऑफ इंडियात त्याचा नंबर असतो, कोणालाही फुकट बघता येतो. नंबर मागा. आणि पेशी कुठून आल्या ते विचारा, नाळेतल्या म्हणाले, बाटलीतून आल्या म्हणाले, तर नमस्कार करून निघा. मी जी मज्जा घालतो ती पेशंटचीच, त्याच टेबलावर काढून तिथेच घातलेली, तो बोन ग्राफ्टचाच धाकटा भाऊ आहे, मी त्याची पाटी लावत नाही.

आता भावाचं काय करायचं. नऊ महिने झाले आणि शेवटचे तीन महिने एक्सरेत काहीच प्रगती नसेल तर याला न जुळलेलं म्हणायचं, अजून थांबून बघू म्हणण्यात अर्थ नाही. सीआरपी आणि ईएसआर (आत सूज-इन्फेक्शन आहे का याचा अंदाज देणारे), शुगरचा एचबीए१सी, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, हे रक्ताचे आधी करा, सगळं मिळून फार खर्च नाही. मग सीटी स्कॅन, कारण साध्या एक्सरेत रॉडमुळे फट लपते. कुठल्याही अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी बंद करायच्या, नाहीतर आतला नमुना घेतला तरी जंतू सापडत नाहीत, आणि नमुने खोलवरचे चार-पाच घ्यायला हवेत, वरच्या जखमेचा बोळा फिरवून पाठवलेला रिपोर्ट मी बघतही नाही. जंतू सापडले तर रॉड काढणं, साफसफाई, मग मास्कले नाहीतर रिंग. जंतू नसतील आणि कॅलस भरपूर असेल तर रीम करून जाड रॉड. जंतू नाहीत, रॉड घट्ट, टोकं सुकलेली, तरच कमरेचा ग्राफ्ट किंवा मज्जा. बघा, तुमचं ते इंजेक्शन आलं कुठे, सगळ्यात शेवटी, आणि ते पण दुसऱ्या रूपात.

दाखवायला जाताना पहिल्या दिवसाचा एक्सरे न विसरता न्या, आणि अपघाताच्या दिवशी मोबाइलवर काढलेला जखमेचा फोटो असेल तर तो पण, लोक लाजून दाखवत नाहीत पण मला त्यातून रिपोर्टपेक्षा जास्त कळतं. ऑपरेशन जिथे झालं तिथून रॉडची साइझ लिहिलेला स्टिकर मागून घ्या, फाइलमध्ये चिकटवलेला असतो. आणि भाऊ मावा खातो का ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्याला समोर बसवून विचारा आणि खरं काय ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.